गंगेचा पूर, दुतोंड्या मारुती आणि सहा मेगापिक्सेलचा एक कॅमेरा

दर पावसाळ्यात आपल्या नाशिकच्या ग्रुपांवर एक फोटो हमखास फिरतो. दुतोंड्या मारुती बुडालाय, पाणी गढूळ, आणि खाली मजकूर: 'आत्ताची परिस्थिती, गंगेवर जाऊ नका.' निम्म्या वेळा तो फोटो आत्ताचा नसतोच. कधी २०१९ चा असतो, कधी २०१६ चा, एखाद्या वेळी थेट २००८ चा. पाणी तसंच, मारुती तोच, पुलावर छत्र्या धरून उभी असलेली बघ्यांची गर्दीही तशीच. ओळखायचं कशावरून?

माझ्याकडे ताडून बघायची सोय आहे. २००६ साली घेतलेला कॅनन पॉवरशॉट एस-३ आयएस हा कॅमेरा, आणि त्याने होळकर पुलावरून एकाच जागी उभं राहून दर वर्षी काढलेले फोटो. आता सिंहस्थ तोंडावर आलाय, घाटावर पुन्हा खोदकाम आहे, तेव्हा या कॅमेऱ्याविषयी आणि त्याच्या जातीच्या कॅमेऱ्यांविषयी एकदा सविस्तर लिहायचं होतं. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आधी हा प्रकार काय ते सांगतो. याला सुपरझूम म्हणतात. दिसायला मोठ्या कॅमेऱ्यासारखा, पण भिंग कायमचं जोडलेलं, बदलता येत नाही. माझ्या कॅमेऱ्याचं भिंग १२ पट झूम करतं. जुन्या फिल्मच्या हिशोबाने ते ३६ ते ४३२ मिलिमीटर होतं. फिल्म कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरचं भिंग लावायचं तर हातभर नळकांडं आणि खाली तिपाई. इथे तेच काम ओंजळीत मावणारा कॅमेरा करतो, कारण आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा आहे: जेमतेम पावणेसहा बाय सव्वाचार मिलिमीटर. एवढ्या लहान सेन्सरवर दूरची वस्तू मोठी करायला प्रत्यक्षात ७२ मिलिमीटरचं भिंग पुरतं. सगळी गंमत तेवढ्यात आहे, आणि सगळी मर्यादाही. उजेड कमी झाला की चित्रात रवा पडतो. संध्याकाळी सहानंतर माझा कॅमेरा मी पिशवीत ठेवतो.

दुसरी गरज होती हात स्थिर ठेवण्याची. एवढ्या झूमवर श्वास घेतला तरी चित्र हलतं. म्हणून भिंगातच कंपन रोखणारी यंत्रणा बसवावी लागली. २००० साली ऑलिंपसने दोन मेगापिक्सेलचा, दहा पट झूमचा असा कॅमेरा काढला. २००२ मध्ये पॅनासॉनिकचा एफझेड-१ आला, बारा पट झूमचा. कॅननची माझ्या कॅमेऱ्याची मालिका २००४ मध्ये सुरू झाली आणि दोन वर्षांत माझ्या मॉडेलपर्यंत आली. मग आकड्यांची चढाओढ लागली. २०१२ मध्ये कॅननचा ५० पट, २०१५ मध्ये निकॉनचा पी-९०० तब्बल ८३ पट, २०१८ मध्ये पी-१००० तर १२५ पट. तोवर खालची जमीन सरकली होती. जपानी कंपन्यांच्या संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०१० मध्ये जगभर १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे रवाना झाले. २०२३ मध्ये ८० लाखसुद्धा भरले नाहीत. मोबाईलने बाजार खाल्ला. सुपरझूमची जात पूर्ण संपली नाही, पण घराघरात दिसायची ती दिसेनाशी झाली.

नाशिकमध्ये या कॅमेऱ्यांनी एक काम मात्र मोठं केलं, त्याची नोंद कुणी घेत नाही. नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमाखाली ब्रिटिश काळात बांधलेला बंधारा, त्यात साचलेला गाळ, त्या गाळावर तयार झालेली पाणथळ. १९८६ मध्ये अभयारण्य झालं. थंडीत तिथे थापट्या, तलवार बदक, चक्रवाक उतरतात, जांभळ्या पाणकोंबड्या तर बारमाही. पूर्वी तिथे फोटो काढणारे म्हणजे लाखभराची भिंगं बाळगणारे मोजके लोक. सुपरझूम आल्यावर शाळामास्तर, एसटीतले वाहक, बँकेतले आमच्यासारखे कारकून रविवारी सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावर दिसायला लागले. पक्षी लांब असतो, ओळखू येत नाही. फोटो काढून घरी पुस्तकात बघता येतो. फोटो देखणा नसला तरी चालतो, चोचीचा आकार आणि पंखावरची पट्टी दिसली की झालं. त्यातून अनेकांना नोंदी ठेवायची सवय लागली. २०२० च्या जानेवारीत ही जागा महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झाली. ते श्रेय कॅमेऱ्याचं आहे असं मी म्हणत नाही. पण जागेवर प्रेम करणारी माणसं वाढली, त्यात या कॅमेऱ्याचा वाटा होता, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी स्वतः पक्ष्यांकडून नदीकडे वळलो, त्याला कारण दादासाहेब फाळके. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले आणि १९४४ मध्ये नाशकातच गेलेले फाळके. 'राजा हरिश्चंद्र' सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या आधी १९१२ मध्ये, इंग्लंडहून कॅमेरा आणल्यावर, भांडवल देणाऱ्याची खात्री पटावी म्हणून त्यांनी काय केलं? कुंडीत वाटाण्याचं बी पेरलं आणि त्याच्यासमोर कॅमेरा लावून रोज थोडं थोडं चित्रण केलं, महिनाभर. पडद्यावर बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाला. त्या काळी ती जादू वाटली असणार. मला मात्र त्यातली चिकाटी जादूपेक्षा मोठी वाटते. कॅमेरा हलवायचा नाही, कुंडी हलवायची नाही. त्यातलं एक जरी हललं असतं, तरी पडद्यावर वाटाणा वाढण्याऐवजी नुसता उड्या मारताना दिसला असता.

माझी कुंडी म्हणजे रामकुंड ते गाडगे महाराज पुलापर्यंतचा गंगेचा तुकडा. (बाहेरगावच्या मित्रांसाठी: आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो.) होळकर पुलाच्या कठड्यावर एक ठराविक जागा, एक फोटो सगळा झूम मागे घेऊन, एक पूर्ण पुढे नेऊन थेट मारुतीवर. भिंग बदलत नसल्याचा फायदा इथे कळतो. ४३२ म्हणजे ४३२ च. २००६ ची आणि आजची चौकट एकमेकांवर ठेवली तर घाटाची पायरी पायरीवर बसते. मध्ये नवा कॅमेरा घेतला असता तर फोटो चांगले आले असते, पण हे जमलं नसतं.

नाशिकला पुराचं माप मीटरमध्ये सांगत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. मारुतीच्या पायाला पाणी, कमरेला, छातीला, गळ्याला. पुढे सरकारवाड्याच्या पायऱ्या, भांडी बाजार. आणि नारोशंकराच्या घंटेला पाणी लागलं की महापूर. १९६९ चा पूर पाहिलेली पिढी अजून आहे, त्यांच्यापुढे आमचे पूर म्हणजे शिंतोडे. माझ्या कॅमेऱ्याने तीन मोठे पाहिले: सप्टेंबर २००८, २ ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९.

यातलं २०१६ हे साल मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, पाडव्याच्या सुमारास, रामकुंड कोरडं पडलं होतं. १३९ वर्षांत पहिल्यांदा, असं तेव्हा छापून आलं. कुंडाचा तळ, चिखल वाळून पडलेल्या भेगा आणि त्यात फिरणारी माणसं असे फोटो माझ्याकडे आहेत. चार महिन्यांनी त्याच चौकटीत काठोकाठ पाणी. जलविज्ञानाचा अभ्यासक बरंच काही सांगेल: वर गंगापूर धरण, खाली शहरातून येऊन मिळणाऱ्या नासर्डी आणि वाघाडी, आणि डांबर-सिमेंटवरून मुरायला जागा न मिळाल्याने सरळ नदीत धावणारं पावसाचं पाणी. धरणातून विसर्ग नसतानाही दोन तासांच्या पावसात घाटावर पाणी चढतं, ते यामुळेच. बातमीत मात्र दर वेळी धरणाचाच आकडा येतो.

२००८ च्या पुरानंतर नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखल्या गेल्या. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आतापर्यंत त्या रेषांवरून किती भांडणं झाली! कुणाचा प्लॉट आत, कुणाचा बाहेर. आणि कुंडांचं काँक्रीट: २००३ च्या सिंहस्थाच्या तयारीत नदीतल्या कुंडांचे तळ काँक्रीटने बंद झाले, जिवंत झरे बुजले अशी तक्रार झाली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि पुढे स्मार्ट सिटीच्या कामात त्यातलं काही काँक्रीट फोडून काढावं लागलं. आधी घालायचा खर्च, मग काढायचा. या सगळ्या वादांत प्रश्न शेवटी एकच येतो: आधी इथे काय होतं?

आता कायद्याची गोष्ट, कारण जुना कॅमेरा जपण्याचं खरं महत्त्व मला इथे कळलं. जालन्याची २०१४ ची विधानसभा निवडणूक. अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले, कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं की खोतकरांचा अर्ज दुपारी तीनची मुदत टळल्यावर दाखल झाला. पुरावा काय, तर निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचं चित्रण. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै २०२० मध्ये निकाल आला. आज देशभर इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या बाबतीत तो आधार मानला जातो. सार असं: तुम्ही सीडीवर, पेनड्राईव्हवर प्रत आणली तर सोबत ठराविक प्रमाणपत्र लागणार. पण माहिती ज्या यंत्रात पहिल्यांदा साठली ते मूळ यंत्रच कोर्टात आणलं, आणि मालकाने पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की हे माझं आहे, मी ते चालवतो, तर प्रमाणपत्राची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष अधिनियम आला. त्यात प्रमाणपत्राबरोबर फाईलचं 'हॅश', म्हणजे तिच्या बोटांचा ठसा म्हणा, तोही द्यावा लागतो.

आता व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोचा विचार करा. तो दाबून लहान केलेला असतो, तारीख-वेळ-कॅमेरा ही आतली नोंद पुसलेली असते. वर्तमानपत्रात छापायला चालेल, पूररेषेच्या सुनावणीत चालणार नाही. नव्या मोबाईलच्या झूमवर माझा विश्वास आणखी कमी. २०२३ मध्ये एका नामांकित मोबाईलच्या चंद्राच्या फोटोंवरून जगभर वाद झाला होता; मुद्दाम धूसर केलेल्या चित्रातही फोन आपल्या मनाने बारकावे भरत होता. माझ्या सहा मेगापिक्सेलला तेवढी अक्कल नाही. जे दिसलं ते, रव्यासकट.

वीस वर्षं टिकला कसा, असं लोक विचारतात. पहिलं कारण म्हणजे पेन्सिल सेल. याला चार साधे सेल लागतात, कुठल्याही किराणा दुकानात मिळणारे. ज्या मित्रांनी पुढची, खास बॅटरीची मॉडेलं घेतली त्यांचे कॅमेरे धडधाकट असून कपाटात पडून आहेत, कारण तशी बॅटरी आता धड मिळत नाही. चार्ज होणारे सेल घातले की पाचशेच्या वर फोटो निघतात. दुसरं, सेलच्या दाराची खिटी. ती २०१३ च्या आसपास तुटली. सेवा केंद्रात नेला तर 'पार्ट बंद झालाय, नवीन घ्या' एवढंच ऐकायला मिळालं. एम. जी. रोडमागच्या एका कारागिराने पितळेची पट्टी घासून बसवली, चहाच्या पैशात. ती अजून आहे. तिसरं, कॅमेऱ्यातल्या घड्याळाचा बटनसेल वेळेवर बदलणं. तो संपला की तारीख भलतीच पडते आणि मग वर सांगितलेलं सगळंच फुकट. वर्षातून एकदा घड्याळ जुळवतो आणि ज्या दिवशी जुळवलं त्या दिवशीच्या वर्तमानपत्राचा एक फोटो काढून ठेवतो. कार्ड दोन जीबीची. भरलं की पुसत नाही, पाकिटात घालून वर तारीख लिहितो. प्रती दोन हार्डडिस्कवर, त्यातली एक बहिणीकडे सिन्नरला. पूर आमच्याकडे येऊ शकतो, सिन्नरला गंगा नाही!

उणं काय ते पण सांगितलं पाहिजे. गेल्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात तपोवनातल्या झाडांचा वाद पेटला. साधुग्रामसाठी झाडं तोडायची, आणि भांडण त्यांच्या वयावर येऊन थांबलं: जुनी किती, गेल्या सिंहस्थानंतर वाढलेली किती. दोन-तीन जणांनी मला विचारलं, तुझ्याकडे असतील ना फोटो? आहेत. शंभरएक आहेत. पण ते खंड्याचे आणि धनेशाचे, पूर्ण झूमवर काढलेले. खंड्याचं एकेक पीस मोजता येतं आणि मागचं झाड नुसतं हिरवा धब्बा आहे. शे-सव्वाशे फोटोंतून साधं खोडही ओळखता येत नाही. सुपरझूम घेतलेल्या प्रत्येकाच्या साठ्यात हेच सापडेल, कारण बारा पट झूम हातात असताना कुणी झूम मागे घेऊन मोकळं मैदान कशाला टिपेल?

म्हणून एक विनंती. रामकुंड, गांधी तलाव, यशवंतराव महाराज पटांगण, तपोवन, कपिला संगम, इथली कामं २०२७ च्या आत व्हायची आहेत आणि दर महिन्याला जागा ओळखू येणार नाही इतकी बदलणार आहे. ज्यांच्या माळ्यावर असा जुना कॅमेरा पडला असेल त्यांनी सेल घालून बघा, बहुतेक चालू होईल. तारीख आधी नीट लावा. एक जागा ठरवा, महिन्यातून एकदा जा, झूम पूर्ण मागे घेऊन एक फोटो काढा, पुढे नेऊन एक. आणि २००३ च्या आधीचे, काँक्रीटपूर्वीच्या कुंडांचे फोटो कुणाच्या अल्बममध्ये असतील तर कळवा. निगेटिव्ह असली तर ती फेकू नका, मी घरी येऊन बघतो. मी बहुतेक बुधवारी, बाजाराच्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास होळकर पुलावर असतो, पंचवटीच्या बाजूला.