उसना दरबारी पोशाख

1845 चा वसंत. लंडनमध्ये सेंट जेम्स प्लेसच्या आखूड गल्लीत तुम्ही 22 नंबरच्या दारासमोर उभे आहात. सकाळचे दहा वाजायला आलेत. आमंत्रण न्याहारीचं आहे, आणि लिहिणाऱ्या माणसाला या शहरात याहून मानाचं आमंत्रण क्वचितच मिळतं.

आत ग्रीन पार्कची हिरवळ खिडक्यांतून थेट अंगावर येते. भिंतीवर तिशियनचं चित्र आहे. मग्दालेना हात पुढे करते आहे आणि ख्रिस्त अंग चोरून मागे सरतो आहे. पण तुमचे पाय थबकतात ते चौकटीत लावलेल्या एका पिवळट कागदापाशी. 27 एप्रिल 1667. हा मिल्टनचा करारनामा. आंधळ्या कवीने ‘पॅरडाइज लॉस्ट’ छापणाऱ्याला दिलं, हातात पाच पौंड घेऊन. पहिल्या 1300 प्रती खपल्या की आणखी पाच. तुम्ही नाक काचेला लागेल इतके वाकून आकडे पुन्हा वाचता. आकडे तेच राहतात.

मागे वळलात की यजमान दिसतो. सॅम्युएल रॉजर्स, वय 81, चेहरा पांढराफटक, आवाज अगदी बारीक. वडिलांकडून आलेली पेढी, लग्न केलेलं नाही, 1792 साली एका दीर्घकाव्याने मिळालेली भरघोस कीर्ती. त्याच्या कविता काळाने मागे टाकल्या, हे मला मान्य आहे. मात्र त्याचं खरं लेखन या मेजावर झालं, असं मी मानतो. पाहुणे चार-पाचच, म्हणजे सगळ्यांच्या गप्पांचा विषय एकच राहतो. मेकॉले येतो तेव्हा इतरांच्या वाट्याला बोलणं फारसं उरत नाही. हाच तो मेकॉले, ज्याच्या 1835 च्या टिपणाने आपल्याकडच्या शाळांची भाषा बदलली. विनोदी पाद्री सिडनी स्मिथची जागा मात्र यंदा रिकामी आहे. फेब्रुवारीतच तो गेला. या घरात ज्याचं हसू सर्वांत मोठं, तोच.

चहाचा पेला हातात घेऊन तुम्ही 1811 ची ती रात्र डोळ्यांपुढे आणता. कवी बायरनने दुसऱ्या कवीची, टॉमस मूरची, छापील टिंगल केली होती आणि प्रकरण द्वंद्वाच्या आव्हानापर्यंत गेलं होतं. रॉजर्सने दोघांना आपल्याकडे जेवायला बोलावलं. बायरन मांस खाईना, मासे खाईना, दारूला शिवेना. त्याने मागितली बिस्किटं आणि सोडा. घरात दोन्ही नव्हतं. शेवटी त्याने बटाटे कुसकरले, त्यावर व्हिनेगर ओतलं आणि तेवढ्यावर जेवण उरकलं. पण त्या मेजावरून तो आणि मूर उठले ते जन्माचे मित्र होऊन.

रॉजर्सची जीभ विखारी, हे लंडनभर ठाऊक आहे. तुमच्या पाठीमागे तो तुमच्याबद्दलही काहीतरी बोलेल. पण 1816 साली नाटककार शेरिडन मरणपंथाला लागला होता, घरातल्या सामानावर जप्ती यायची होती, तेव्हा त्याने दीडशे पौंडांसाठी याच माणसाला चिठ्ठी लिहिली, आणि पैसे आले. गेल्याच नोव्हेंबरात रॉजर्सच्या पेढीत चोरी झाली, चाळीस हजार पौंडांहून अधिक रक्कम गेली. न्याहारी मात्र चालूच आहे.

आणि आज घरातून एक पोशाख बाहेर पडतो आहे. वर्डस्वर्थला राणीच्या दरबारात जायचं आहे. राजकवी झाला दोन वर्षांपूर्वी, वय 75, सारा जन्म सरोवरांच्या मुलखात पायी भटकण्यात गेलेला. दरबारी कपडे त्याच्याकडे कुठून असणार! पोशाख रॉजर्सचा, तलवार रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीची. प्रकाशक मॉक्सनला तो कोट कवीच्या अंगावर चढवताना बराच घाम गाळावा लागतो. ओढत, ताणत, बटणं कशीबशी लावत.

1850 साली वर्डस्वर्थ गेला. राजकवीपद आधी रॉजर्सला देऊ केलं गेलं. 86 वर्षांच्या म्हाताऱ्याने वयाचं कारण सांगून ते नाकारलं. मान टेनिसनकडे गेला. 1851 मध्ये तुम्ही पुन्हा याच दारात उभे आहात. कपाटातून तोच पोशाख निघतो, या खेपेला धिप्पाड टेनिसनसाठी. कोट बसतो. काळजी आहे ती विजारीची.