गोंडवन गेले दक्षिण ध्रुवाला

कविता लिहिणाऱ्याला शब्दांची मुळे शोधायची खोड असते. इंग्रजीतला असाच एक विलक्षण शब्द म्हणजे ‘गोंडवानालँड’. कोट्यवधी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकमेकांना जोडलेले होते. त्या महाखंडाचे हे नाव. त्यातले ‘गोंड’ मात्र आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचे.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये मध्य भारतातल्या कोळशाच्या खडकांना ‘गोंडवाना’ म्हटले. १८७६ मध्ये ओटोकार फाइस्टमँटेल यांच्या लेखनातून ते नाव छापून आले. १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुअर्ड झ्यूस यांनी त्याला ‘लँड’ जोडले. गोंडवन म्हणजे गोंडांचे रान, अशी या नावाची फोड सांगतात. मग रानाला आणखी ‘लँड’ कशाला? म्हणून अनेक अभ्यासक आता नुसते ‘गोंडवाना’च लिहितात.

बल्लारपूर, घुग्घुसचा कोळसा याच खडकांतला, पंचवीस कोटी वर्षांहून जुना. त्या काळच्या ग्लोसोप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे भारतात मिळतात, तसे अंटार्क्टिकातही. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार बर्फात दगावले. त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड निघाले. त्यांत हीच पाने होती. जीव जायची वेळ आली, तरी त्यांनी ते ओझे टाकले नव्हते.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी जीवाश्म गोळा केले, तशी गोंडांची गाणी आणि शब्दही टिपून ठेवले. १८६३ मध्ये ते पाण्यात बुडून वारले. १८६६ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी त्यांचे कागद प्रसिद्ध केले. दगड आणि बोली, दोन्ही जपण्यासारखे आहे, हे त्या माणसाने ओळखले होते.

आपण मात्र दगडांचे नाव घेतले आणि बोली विसरलो. १७५१ पर्यंत चांद्यावर गोंड राजांची सत्ता होती. ‘गोंड’ हे नावही इतरांनी दिलेले. ते स्वतःला ‘कोयतूर’ म्हणवतात. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांवर होते, तरीही गोंडी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. माझ्या घरातली उर्दू तिथे आहे, कागदावरची मराठीही आहे. ज्यांच्या नावात पाच भूभाग मावले, त्यांच्या भाषेला त्या यादीत एक ओळ मिळू नये?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)