कुरवंड्याचं जातं

कोंबडा आरवायला अजून अवकाश आहे. साल 1916, आषाढ. लोणावळ्याजवळच्या कुरवंड्यात, एका गवती छपराखाली तुम्ही एक पाय लांब करून जात्याशी बसला आहात. समोर घरातली म्हातारी. “खुंटा आवळू नको, हात भरून येतील,” ती बजावते. वरची तळी जड आहे. ती मुठीने नाचणी वैरते. दाणा सर्दावलेला, त्यामुळे पीठ आतच चिकटतं. कडेने जे थोडं सुटतं ते बोटांना कोमट लागतं. चार फेऱ्यांनंतर ती ओवी धरते. भाऊ, माहेर, पंढरीची वाट. धाप तुम्हाला लागते, तिला नाही.

बाहेर कोसळणारा पाऊस वळवण, लोणावळ्याच्या तलावांत साठतोय. टाटांचं खोपोलीचं वीजघर गेल्याच वर्षी, 1915 मध्ये सुरू झालं. नळांतून पाणी सुमारे 525 मीटर खाली झेपावतं, तिथली वीज तारांवरून मुंबईला जाते आणि कापडगिरण्या चालतात. घाटमाथ्याच्या पावसावर मुंबईची चाकं फिरतात. घाटमाथ्यावरची बाई मात्र खुंटा ओढतेच आहे. मला हा नुसता योगायोग वाटत नाही.

अजून मागे सरका. 1661. मुघल सरदार करतलबखानाची फौज कुरवंड्याच्या घाटाने उतरून उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती सापडते. इतिहासात खान आहे, खिंड आहे. त्या पहाटे इथे दळण कुणी दळलं, ते नाही.

आता झपाट्याने पुढे या. डिझेल इंजिनाची चक्की टुकटुकतेय. डोक्यावर डबा, पुढे रांग. “पीठ जळतं मेलं, भाकरीला चव नाही,” म्हातारीच्या वयाची कुणी कुरकुरते. पण दळण घरी परत कुणीच नेत नाही. का न्यावं? तळव्यांचे घट्टे गेले, पहाटेची झोप मिळाली. जातं बंद पडल्याचं दुःख बहुतेकदा न दळणाऱ्यांनाच होतं.

ओवी मात्र खरंच उघड्यावर पडली. खुंट्याला हात लागल्याशिवाय ती सुचेना. 1980 नंतर अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉईत्वाँ पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांतून ओव्या टिपत हिंडले. पुढे राज्यभरातून जमलेला हा संग्रह लाखाच्या वर गेला.

आजच्या लग्नघरात या. अडगळीतलं जातं बाहेर निघतं, धुतलं जातं, खुंट्याला सुपारी-हळकुंड बांधतात. सवाष्णी हसत दोन फेरे मारतात. नवरीच्या अंगाला लागते ती हळद पाकिटातली.