हवामानातली ‘आघाडी’ रणांगणातून आली, त्याची गोष्ट

‘आघाडी’ म्हटलं की आपल्याकडे लगेच निवडणूक आठवते. पण भूगोलाच्या पुस्तकातही थंड आघाडी आणि उष्ण आघाडी असते. मार्कांपुरती पाठ केली आणि विसरलो, असंच बहुतेकांचं झालं असेल. हा शब्द हवामानात आला तो पहिल्या महायुद्धातून, आणि त्याच्यामागे होती धान्याची टंचाई.

विल्हेल्म ब्यर्कनेस हे नॉर्वेचे शास्त्रज्ञ १९१३ पासून जर्मनीत लाइपझिगला प्राध्यापक होते. युद्ध सुरू झालं आणि विद्यार्थी एकेक करून सैन्यात गेले. हर्बर्ट पेट्झोल्ड नावाचा विद्यार्थी वाऱ्याचे प्रवाह जिथे एकमेकांना भिडतात त्या रेषांचा अभ्यास करत होता. तो १९१६ मध्ये व्हर्दूंच्या लढाईत मारला गेला. त्याचं अर्धवट राहिलेलं काम ब्यर्कनेस यांच्या मुलानं, याकोबनं हाती घेतलं. १९१७ मध्ये बापलेक मायदेशी, बर्गनला आले.

नॉर्वे युद्धात नव्हता, पण झळ बसलीच. धान्य बाहेरून यायचं, ते कमी झालं. त्यात ब्रिटनकडून येणाऱ्या हवामानाच्या तारा बंद झाल्या, कारण हवामान हे आता लष्करी गुपित होतं. वादळं येणार पश्चिमेकडून आणि पश्चिमेकडची खबरच नाही!

ब्यर्कनेस यांनी सरकारला पटवलं की घरचं पीक वाचवायचं तर शेतकऱ्याला अंदाज द्या, आणि अंदाज द्यायचा तर आपल्याच किनाऱ्यावर नोंदी वाढवा. १९१८ च्या उन्हाळ्यात पश्चिम नॉर्वेत निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं उभं राहिलं. नोंदी करणाऱ्यांत दीपगृहांचे रखवालदार होते, मच्छीमार होते, किनाऱ्यावरची साधी माणसं होती.

या दाट नोंदी नकाशावर मांडल्यावर आधी कुणाला नीट न दिसलेलं चित्र दिसलं. वादळ म्हणजे नुसता कमी दाबाचा गोल भोवरा नाही. त्यात दोन वेगळ्या वायुराशी असतात, एक ध्रुवाकडची थंड आणि एक दक्षिणेकडची उबदार. त्या सहजासहजी मिसळत नाहीत, त्यांच्यात सीमा राहते. उबदार हवा हलकी, ती थंड हवेवर हळूहळू चढते आणि मग तासन् तास संततधार लागते. थंड हवा जड, ती उबदार हवेखाली पाचरीसारखी घुसते आणि मग अचानक जोरदार सरी कोसळतात. याकोबचा हा शोध १९१९ मध्ये छापून आला तेव्हा तो अवघ्या एकविशीत होता. त्याच वर्षी टोर बर्गेरोन या स्वीडिश तरुणानं दाखवलं की थंड आघाडी उबदार आघाडीला गाठते, मधली उबदार हवा जमिनीवरून उचलली जाते आणि पुढे वादळ म्हातारं होतं.

‘आघाडी’ हे नाव मात्र नंतर पडलं. चार वर्षं पेपरात रोज दोन सैन्यांमधल्या रेषेच्या बातम्या येत होत्या. दोन हवांमधल्या रेषेला दुसरं काय नाव सुचणार?

आता आपल्याकडे या. आपला मान्सून या आघाड्यांच्या हिशोबात बसत नाही, तो वेगळा विषय आहे. हिवाळ्यात उत्तरेत पाऊस आणि हिमवृष्टी आणणारे पश्चिमी झंझावात मात्र त्याच मध्य अक्षांशांतल्या वाऱ्यांबरोबर येतात. त्यांचा प्रभाव खाली आला आणि समुद्रावरून दमट हवा मिळाली की आपल्याकडेही गारपीट होऊ शकते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा-विदर्भातला शेतकरी विसरलेला नाही.

नॉर्वेनं टंचाईच्या काळात आधी नोंदी वाढवल्या, शोध त्यातून लागला. आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी धरतात. म्हणजे त्या एका यंत्राच्या आकड्यावर कितीतरी घरांची भरपाई अवलंबून असते. यंत्र झाडाखाली असेल किंवा बंद पडलेलं असेल तर तुमच्या शेतातलं पाणी कागदावर येतच नाही.

तुमच्या मंडळाचं पर्जन्यमापक कुठे आहे आणि ते चालू आहे का, हे कधी जाऊन बघितलंय? बघितलं असेल तर कमेंटमध्ये गावासकट लिहा.