निलंगेकरांचा राजीनामा : एका ओळीमागची तीन न्यायालयं

निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर जून १९८५ मध्ये मुख्यमंत्री झाले. मार्च १९८६ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं. का? औरंगपुऱ्यातून आणलेल्या गाइडमध्ये बहुधा एकच ओळ सापडेल: ‘मुलीच्या गुणवाढीचं प्रकरण’. संशोधकाला एवढ्यावर थांबता येत नाही.

प्रकरण मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेचं. मुंबई उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी म्हटलं, गुणांत फेरफार झाला आणि तो मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून झाला. राजीनामा आला तो यानंतर. पुढे खंडपीठाने दुसरा निष्कर्ष उचलून धरला नाही, पण ताशेरे कायम ठेवले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं: फेरफार सिद्ध, नातं सिद्ध, थेट पुरावा नाही, तरीही क्लीन चिट नाही.

आता अमेरिकेचे उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू बघा. लाचेचे आरोप झाले, १० ऑक्टोबर १९७३ ला राजीनामा दिला आणि त्याच दिवशी करचुकवेगिरीचा खटला न लढता शिक्षा स्वीकारली. राजकारण तिथेच संपलं. निलंगेकर मात्र पुढे पुन्हा मंत्री झाले.

म्हणून प्रबंधात ‘दोषी ठरले’ असं लिहिलं तर चूक, ‘निर्दोष सुटले’ लिहिलं तरी चूकच. कोणत्या न्यायालयाने, कधी, नेमकं काय म्हटलं, ते लिहा. राजीनामा म्हणजे निकाल नव्हे, मित्रांनो.