स्थिर आवृत्ती आणि विकास आवृत्ती (मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम)

मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम एकाच वेळी अनेक रूपांत मिळते. ज्या रूपातले प्रोग्रॅम एका ठरावीक टप्प्यावर गोठवले जातात आणि पुढे फक्त सुरक्षेच्या व गंभीर चुकांच्या दुरुस्त्या दिल्या जातात, ती स्थिर आवृत्ती. जिच्यात रोज नवी भर पडत राहते, ती विकास आवृत्ती. ‘स्थिर’ या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. स्थिर म्हणजे कधी न अडकणारी किंवा बिनचूक नव्हे. स्थिर म्हणजे न बदलणारी. काल जिथे जे बटण होते तिथेच ते आज असेल आणि काल चाललेला प्रिंटर आज चालेल, एवढेच तिचे आश्वासन. तिच्यात चूक असेल तर तीही बहुधा तशीच राहील.

या व्यवस्थेचा सर्वांत स्पष्ट नमुना डेबियन. इअन मरडॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. डेबियनच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटमालिकेतील पात्रांची नावे असतात; कायम अस्थिर राहणाऱ्या शाखेला त्यातल्या खेळणी मोडणाऱ्या मुलाचे, म्हणजे सिडचे नाव आहे. नवा प्रोग्रॅम आधी सिडमध्ये येतो. साधारण दोन ते दहा दिवसांत नवी गंभीर तक्रार आली नाही, तर तो ‘टेस्टिंग’ शाखेत सरकतो. अंदाजे दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, नवे काही घेणे थांबवून महिनोन् महिने फक्त चुका काढतात आणि मग तिलाच स्थिर म्हणून जाहीर करतात. तिला तीन वर्षे नेहमीचा आणि पुढे दोन वर्षे वाढीव आधार मिळतो. ‘ट्रिक्सी’ ही तेरावी आवृत्ती ९ ऑगस्ट २०२५ रोजी आली. मराठवाड्यातील वाचकाला ही चाल अनोळखी वाटू नये. परभणीच्या कृषी विद्यापीठाचे वाण आधी चाचणीच्या प्लॉटवर काही हंगाम काढते, मगच प्रसारित होते. प्लॉटवरचे बी घरी आणून पेरणारा शेतकरी हौशी असतो, आणि त्याची सगळी जमीन त्या एका बियाण्यावर नसते.

इतरत्र नावे वेगळी असली तरी बेत तोच. उबुंटू दर सहा महिन्यांनी, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये निघते. दर दोन वर्षांतली एक आवृत्ती दीर्घ मुदतीची असते व तिला पाच वर्षे आधार असतो; मधल्या आवृत्त्यांना हल्ली नऊच महिने. फेडोराच्या विकास शाखेचे नाव रॉहाइड, आणि तिच्या जाहीर आवृत्तीचे आयुष्यही साधारण तेरा महिन्यांचेच. या सगळ्यांखाली असलेल्या लिनक्सच्या गाभ्यात (कर्नेलमध्ये) २.६ येईपर्यंत सम आकडा स्थिर आणि विषम आकडा विकासाचा असा सोपा संकेत होता. तो पुढे सोडून दिला. फ्रीबीएसडी या वेगळ्या सिस्टीममध्ये मात्र सांभाळावे लागते. तिथे ‘करंट’ ही विकासाची शाखा आहेच, पण ‘स्टेबल’ नावाची शाखाही विकासाचीच आहे, फक्त सावध पावलांची. रोजच्या कामाच्या यंत्रावर तिथे ‘रिलीज’ घालायची असते. नावावर विसंबून ‘स्टेबल’ घेणाऱ्यांची संख्या कमी नसावी.

महाराष्ट्राचा या विषयाशी सर्वांत जवळचा प्रसंग रुपयाच्या चिन्हाचा. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात संशोधन करणारे डी. उदयकुमार यांनी रेखाटलेले ₹ हे चिन्ह केंद्रीय मंत्रिमंडळाने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले. उबुंटूची दीर्घ मुदतीची १०.०४ ही आवृत्ती त्याआधीच, एप्रिलमध्ये निघाली होती. तिच्यात हे चिन्ह असण्याचा प्रश्नच नव्हता. १० ऑक्टोबर २०१० रोजी आलेल्या १०.१० या मधल्या आवृत्तीत, उबुंटूच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये, ते आले. युनिकोडच्या ६.० आवृत्तीतही ते त्याच महिन्यात दाखल झाले. केवळ दीर्घ मुदतीच्याच वाटेने जाणाऱ्याची पुढची पायरी थेट एप्रिल २०१२ ची. अर्थात एका चिन्हासाठी सगळी सिस्टीम बदलणे म्हणजे खिळ्यासाठी दार बदलण्यासारखे. नवा फॉन्ट तेवढा बसवला की काम भागत असे.

मराठीच्या बाबतीत हा उशीर पुन्हा पुन्हा आडवा येतो. ‘ॲड.’, ‘ॲप’ यांतल्या ॲ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली ती ५.१ या आवृत्तीत, एप्रिल २००८ मध्ये. तोवर अ वर चंद्र चढवून वेळ भागवावी लागे आणि कित्येक पडद्यांवर तो चंद्र ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेला दिसे. डेबियनची त्या वेळची स्थिर आवृत्ती ‘एच’ एप्रिल २००७ मधली. तिचे काम चोख होते, पण मराठी माणसाला हवे असलेले अक्षर जगात रुजू होण्याआधीच ती गोठली होती. इंग्रजीत काम करणाऱ्याला अशी गरज पडत नाही. त्याची अक्षरे केव्हाच बसून गेलेली आहेत. ज्या भाषेचे संगणकावरचे काम अजून चालू आहे, तिच्या वापरकर्त्याला नव्याची ओढ असते ती निव्वळ हौसेने नव्हे. या कामातला मोठा वाटा पुण्याचा. लोहित हे फॉन्ट रेड हॅट या कंपनीच्या आश्रयाने वाढले आणि त्यांवर पुण्यात बराच काळ काम झाले. फेडोराच्या वापरकर्त्यांचे व घडवणाऱ्यांचे संमेलन नोव्हेंबर २०११ मध्ये पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरले, त्यानंतर काही दिवसांतच फेडोरा १६ बाहेर पडले.

विकास आवृत्तीचा धोका किती खरा असतो, हे मार्च २०२४ मध्ये दिसले. फाइली आवळून लहान करणाऱ्या एक्सझेड या प्रोग्रॅमच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी चोरदरवाजा बसवला होता. हा इसम दोन-अडीच वर्षे त्या प्रकल्पात निष्ठेने काम करून विश्वासातला झाला होता. सिड, टेस्टिंग, रॉहाइड अशा शाखांपर्यंत हा माल पोचला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत जुना ५.४.१ असल्याने ती वाचली. पण चोरी पकडली कोणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, आणि तीही सिडच वापरत असताना. दूरच्या यंत्रात प्रवेश करायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, एवढ्यावरून त्यांनी माग काढला. हा माल पुढच्या स्थिर आवृत्त्यांत शिरला नाही तो अस्थिर आवृत्ती वापरणाऱ्या एकाच्या चौकसपणामुळे. विकास आवृत्तीला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

उलट बाजूही आहे. सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या साधनात कामाचा भाग चुकीच्या समजुतीने निकामी केला गेला आणि त्याच स्वरूपात ते स्थिर ‘एच’मध्ये गेले. त्या काळात तयार झालेल्या किल्ल्या एका प्रकारासाठी बत्तीस-तेहतीस हजारांपैकीच एक असत. हे उघडकीस आले मे २००८ मध्ये. आणि दीर्घ मुदतीचे आश्वासन हेदेखील शेवटी माणसांचेच. सेंटओएस ८ या सिस्टीमला २०२९ पर्यंत आधार मिळणार होता; डिसेंबर २०२० मध्ये घोषणा झाली आणि ३१ डिसेंबर २०२१ रोजी तो थांबला.

निवड करताना आपल्याकडे प्रश्न विचारतात तो ‘लेटेस्ट कोणतं?’ हा. खरा प्रश्न वेगळा: बिघडले तर दुरुस्त कोण करणार, आणि केव्हा? लातूर–बार्शी रस्त्यावरचे मुरुड (जंजिऱ्याचे नव्हे) हे बाजारपेठेचे गाव. अशा गावातल्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात, आडतीच्या हिशेबाच्या संगणकावर किंवा शाळेच्या लॅबमध्ये सिस्टीम सकाळी उठली नाही, तर जाणता माणूस लातूरहून यायचा. विकास आवृत्तीला आठवड्याला शेकडो एमबीचे अपडेट लागू शकतात; ते मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यायचे आणि मध्येच वीज गेली तर अर्धवट बसलेले प्रोग्रॅम निस्तरत बसायचे. अशा जागी स्थिर आवृत्तीच घालावी, यात दुमत होण्यासारखे काही नाही. केरळच्या सरकारी शाळांनी तेच केले: तिथली सिस्टीम उबुंटूच्या १४.०४, १८.०४, २२.०४ अशा दीर्घ मुदतीच्याच आवृत्त्यांवर उभी राहिली. सी-डॅकची ‘बॉस’ ही सिस्टीमही डेबियनच्याच पायावर आहे.

अपवाद एक. अगदी नवा लॅपटॉप घेतला आणि जुन्या गाभ्याला त्याचे वायफाय ओळखता येत नसेल, तर स्थिर आवृत्ती उपयोगाची नाही. तरीही थेट सिडकडे धावू नये. डेबियनमध्ये ‘बॅकपोर्ट्स’मधून नवा गाभा तेवढा घेता येतो, उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीतही नव्या यंत्रांसाठी नवा गाभा मिळतो, बाकीचे घर जागच्या जागी राहते.

ज्याच्याकडे दुसरा, जुना का होईना, संगणक आहे त्याने त्यावर टेस्टिंग जरूर चालवावी, विशेषतः आवृत्ती गोठण्याच्या आधीच्या महिन्यांत. नसेल तर फेडोरा किंवा उबुंटूची बीटा पेनड्राइव्हवरून पाहिली तरी चालेल. भाषा मराठी ठेवून ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘ॲड.’ हे शब्द टंकून पाहावेत. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात की हिंदी, तेही पाहावे. चुकले असेल तर त्याच आठवड्यात कळवावे. गोठल्यावर कळवलेली अक्षराची चूक बहुधा पुढची दोन वर्षे सगळ्यांच्या पडद्यावर तशीच राहते.