कारखानिसाचे वंशज

कारखानीस हे आडनाव महाराष्ट्रात अपरिचित नाही. परंतु ते ज्या कामावरून पडले, त्या कामाची आठवण आज किती घरांत उरली असेल याची आम्हास शंका आहे. शिवकाली किल्ल्यावर हवालदार, सबनीस व कारखानीस असे तीन मुख्य अंमलदार असत. हवालदाराकडे किल्ल्याच्या चाव्या, सबनिसाकडे हजेरी व लेखन, आणि कारखानिसाकडे धान्याची व इतर सामानाची तरतूद आणि तिचा हिशेब. तिघेही बहुधा निरनिराळ्या जातींतले असत. एकजण फितूर झाला तरी गड जाऊ नये, हा त्यातील हेतू इतिहासकारांनी पुष्कळदा सांगितला आहे. याच व्यवस्थेने गडाबरोबर कोठीचेही रक्षण होत असले पाहिजे, ही गोष्ट मात्र फारशी कोणी बोलून दाखवीत नाही.

दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करणारा मनुष्य हा फार प्राचीन काळापासून संशयाचा विषय होऊन बसला आहे. कौटिल्याने सरकारी द्रव्याच्या अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवले, यावरून त्या चतुर पुरुषाचा आपल्या अंमलदारांवर कितपत भरवसा होता हे दिसतेच. रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र याच प्रश्नाकडे दुसऱ्या बाजूने पाहते. आरमारासाठी लाकूड तर हवे. पण रयतेचे आंबे-फणस तोडू नयेत. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर त्याच्या धन्यास राजी करून, द्रव्य देऊन मगच ते तोडावे, बलात्कार मुळीच करू नये, असा त्यातील दंडक आहे. म्हणजे खरेदीदाराने धन्याचे हित पाहावे इतकेच पुरेसे नव्हे. विकणाऱ्यावरही अन्याय होता कामा नये. अठराव्या शतकाच्या प्रारंभीच्या राजनीतीत हा विचार सापडावा, याचे आम्हास मोठे कौतुक वाटते.

परंतु हे सारे नियम वरून घातलेले होत. खरेदी करणाऱ्यांनीच एकत्र जमून आपल्यापुरते नियम करावेत, ही कल्पना जेमतेम शंभर वर्षांची आहे. तिचा उगम अमेरिकेत झाला. रेल्वे कंपन्यांना रूळ, कोळसा, तेल यांची खरेदी अवाढव्य प्रमाणावर करावी लागे, आणि १८८७ साली मार्शल कर्कमन याने रेल्वेच्या सामानाच्या व्यवस्थेवर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले. तथापि खरेदी करणारा अद्याप कारकुनांतच मोजला जाई. १९१५ साली अशा लोकांची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. तिच्यासाठी ज्याने खटपट केली तो एलवुड हेंड्रिक्स हा स्वतः खरेदीदार नव्हता. तो होता एका प्रकाशन कंपनीचा विक्रेता! गिऱ्हाइकांचा संघ दुकानदाराने उभारावा, हे प्रथमदर्शनी विचित्र दिसते. पण लाचेच्या बाजारात सर्वांत अधिक नाडला जातो तो सचोटीचा विक्रेताच, हे ध्यानात घेतले म्हणजे आश्चर्य उरत नाही.

या संस्थेच्या प्रारंभीच्या अध्वर्यूंनी दोन कामे चांगली केली. एक तर सभासदांसाठी आचारसंहिता तयार केली. दुसरे काम अधिक कल्पकतेचे होते. मंदीच्या ऐन भरात, १९३१ साली, त्यांनी आपल्या सभासदांकडून व्यापाराच्या स्थितीची नियमित माहिती मागवून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. कारखानदार भाषणात काहीही सांगो. त्याचा खरेदीदार पुढील महिन्यासाठी कच्चा माल किती मागवितो, यावरून खरी नाडी कळते. ही पाहणी आजतागायत चालू असून तिच्या आकड्यांनी शेअरबाजार हलतात. कालच्या कारकुनाची टिपणे आज धनकोंनी वाचावीत, हा काळाचा महिमा होय.

इंग्लंडात अशी संस्था १९३२ साली निघाली. आपल्याकडे सरकारी खरेदीचे सूत्र दीर्घकाळ लंडनमधून हलत होते. १९२२ साली इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट स्थापन झाले, तेव्हा ते येथे येऊ लागले. या क्षेत्रातील दोन संस्थांच्या मीलनातून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट जन्मास आली ती १९७५ साली.

पुढे १९७३ च्या तेलसंकटाने या धंद्याचे रूप पालटले. माल स्वस्तात मिळविण्यापेक्षा तो मुळी मिळणे हीच चिंता झाली. १९८३ साली पीटर क्रालजिक याने आपल्या प्रसिद्ध लेखात ते स्पष्ट मांडले: कोणत्या वस्तूवाचून आपले अडेल आणि ती पुरविणारे किती आहेत, हे पाहून प्रत्येक वस्तूसाठी निराळे धोरण हवे. खरेदीदार आता संचालकांच्या शेजारी बसू लागला. संस्थांनीही नावे बदलली. अमेरिकन संस्थेच्या नावातून तर ‘खरेदी’ हा शब्दच गेला व त्या जागी ‘पुरवठा’ आला. इंग्लंडातील संस्थेस १९९२ साली राणीची सनद मिळाली. पूर्वी कचेरीतले काम आटोपून संस्थेचे काम पाहणारे सभासदच पुढारी असत. त्या जागी पगारी मुख्याधिकारी आले. परीक्षा, पदव्या व वर्गण्या वाढल्या.

हे सर्व ठीकच झाले. पण आमच्या मते एक महत्त्वाचे काम मागे राहिले. वैद्याचे नाव नोंदवहीतून कमी केले तर त्याचा धंदा बंद पडतो, वकिलाचेही तसेच. खरेदीदारास संस्थेने काढून टाकले, तरी दुसऱ्या दिवशी तो त्याच टेबलाशी बसून कोट्यवधींच्या मागण्यांवर सही करू शकतो. २०१३ साली गोमांस म्हणून घोड्याचे मांस विकले गेल्याचे प्रकरण युरोपात गाजले, तेव्हा इंग्लंडातील संस्थेच्या पुढाऱ्यांनी खरेदीदारांस परवाना असावा असा आग्रह धरला. तो परवाना काही आला नाही.

मग २०२० साल उजाडले. जगभर मुखपट्ट्यांसाठी झोंबाझोंबी सुरू झाली, आणि सनदी संस्थेच्या त्याच देशात मंत्री व पार्लमेंटचे सभासद यांनी सुचविलेल्या पुरवठादारांसाठी एक निराळी, जलद वाट काढण्यात आली. ती वाट समान वागणुकीच्या तत्त्वाविरुद्ध, म्हणून बेकायदा होती, असा निर्णय जानेवारी २०२२ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने दिला. ज्या कंत्राटांवरून दावा लागला ती त्या वाटेवाचूनही बहुधा मिळालीच असती, असेही न्यायाधीशांनी म्हटले. यात खरेदी-अधिकाऱ्यांचा दोष किती व वरिष्ठांचा किती, हा वाद आम्ही येथे उकरीत नाही. मंत्र्याची चिठ्ठी बाजूस सारण्याचे बळ टेबलापाशी बसलेल्या मनुष्यास कोणी द्यावयाचे, एवढेच आम्ही विचारतो. गडावरच्या कारखानिसास निदान शेजारी सबनीस तरी होता.